चिंच फोडायला अणदूरला

अणदूरहून परत आलो तेव्हा माझी दहाही बोटं तपकिरी होती आणि डाव्या अंगठ्याचं नख निळं. चिपळूणच्या बाजारात ओळखीचे विचारायला लागले, "काय साळवी, काजूच्या बिया फोडायला गेला होतात का?" काजूच्या नव्हे, चिंचेच्या, म्हटलं तर कुणाला खरं वाटेना. आमच्याकडे आंबट करायचं म्हणजे आमसूल. चिंच आम्हाला ठाऊक ती वाण्याच्या दुकानात कागदात बांधलेली, मीठ लावलेली काळी गोळी म्हणून. ती झाडावरून त्या कागदापर्यंत कशी पोचते हे बघायला कुणी गाठोडं बांधून निघत नाही. मीही त्यासाठी निघालो नव्हतो. मी निघालो होतो शिवलिंगकडे.

शिवलिंग माझा कचेरीतला सोबती. नोकरीची उमेदीची वर्षं त्यानं चिपळूणच्या पावसात काढली, आणि त्या काळात तो एकदाही पूर्ण वाळला नाही असं त्याचं म्हणणं आहे. निवृत्त झाला आणि आपल्या गावी, अणदूरला, जाऊन उन्हात बसला. दर वर्षी फोन करायचा, "साळव्या, ये की रे. कोरडं म्हंजे काय असतंय ते तरी बघ." या फाल्गुनात गेलो.

जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून पुण्याला राहणाऱ्या लेकीनं मला दिलेली ऑलिव्हची बाटली पिशवीत टाकली. तिच्यासोबत एक यंत्रही होतं. चिमट्यासारखं, एका टोकाला खळगा, दुसऱ्या टोकाला दांडी. ऑलिव्ह खळग्यात ठेवायचं, दाबायचं, बी खाली पडते. हेही घेतलं. शिवलिंगनं फोनवर म्हटलं होतं की सध्या घरात चिंच फोडायचं काम चाललंय. चिंचेत बी, ऑलिव्हमध्ये बी. माझ्या डोक्यात दोन बिया एकत्र आल्या की तिथं तिसरी गोष्ट शिरत नाही.

सोलापूरच्या पुढं

सोलापूरला नळदुर्गकडे जाणारी एसटी धरली. आमच्याकडे नजर चार पावलं गेली की झाडाला नाहीतर डोंगराला अडकते. इथं ती सुटली की सुटलीच. काढलेली ज्वारी, कडब्याच्या गंजी, हरभऱ्याचे वाळलेले तुकडे, आणि मधेच एखादं चिंचेचं झाड, थकलेल्या नजरेला टेकायला दिल्यासारखं. बघता बघता मी झोपलो. जागा झालो तेव्हा लोक उतरत होते आणि समोर ढाब्यांची रांग होती.

"अणदूर आलं का?" मी कंडक्टरला विचारलं.

"अणदूर मघाच गेलं की. हे नळदुर्ग."

"मग मला उठवायचं नाही का?"

"तिकीट अणदूरचं हुतं, पण झोप नळदुर्गची हुती," तो शांतपणे म्हणाला. "म्हटलं पाव्हण्याचा बेत बदलला असंल."

नळदुर्गला उतरून उलट गाडीची वाट पाहत एका गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. आतून ठक, ठक, ठकठक असा आवाज येत होता, दहा सुतार एकदम खिळे मारतायत तसा. डोकावून पाहिलं तर अंगणात बायका बसलेल्या, प्रत्येकीपुढं दगड, हातात छोटी हातोडी, आणि एका बाजूला चिंचेचा ढीग. मी आपला कोकणी शहाणपणानं मनात म्हटलं, बिचाऱ्यांना यंत्र माहीत नाही.

अणदूर

शिवलिंगचं घर खंडोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. हा खंडोबा वर्षाचे काही महिने अणदूरला असतो आणि काही महिने नळदुर्गला. दोन्ही गावांनी त्याला वाटून घेतलंय. "देव सुद्धा बदलीवर असतोय आमच्याकडं," शिवलिंग म्हणाला. "पण त्याला आपल्यासारखं घरभाडं मागावं लागत न्हाय."

महानंदावहिनींनी गुळाचा चहा दिला आणि म्हणाल्या, "भावजी, वाळलाय." चिपळूणला त्या मला नेहमी "भिजलाय" म्हणायच्या.

ऑलिव्हची बाटली मी समारंभपूर्वक काढली. शिवलिंगनं एक तोंडात टाकलं, थोडा वेळ चेहरा ताठ ठेवला आणि खिडकीकडे गेला. परत येऊन म्हणाला, "करवंदाचं लोणचं नासलं की असंच लागतंय का रे?" वहिनी मात्र संस्कारी. त्यांनी अख्खं खाल्लं, बी तळहातावर घेतली आणि निरखून बघितली.

"ह्याच्या बियांचं काय करत्यात?"

"काही नाही. टाकून देतात."

"टाकून?"

हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की मी गडबडीनं आमची बाजू सावरली. सांगितलं, हे तिकडच्या लोकांचं, आमचं नव्हे. कोकणात आठळ्या उकडून खातात, आंब्याच्या कोया भाजतात, आणि रातांब्याच्या बियांचं मुठेल काढतात, ते थंडीत टाचांना लावतात. वहिनींना बरं वाटलं. हे मुठेल माझी आई काढायची आणि मी गेली कित्येक वर्षं दुकानातलं मलम लावतो, एवढं सांगायचं मी टाळलं.

मग यंत्र काढलं. पडवीत टरफलं काढलेल्या चिंचेची रास होती. मी चिंचेचं एक बोटूक घेतलं, खळग्यात बसवलं आणि दाबलं. ऑलिव्ह गोल असतं. चिंच कशीही वाकडी असते, आणि तिच्या पोटात एक नव्हे, पाच-सहा बिया, प्रत्येकीची वेगळी खोली. दांडी गरात शिरली ती शिरलीच. मी जोर लावला. चिंचेला काही झालं नाही, यंत्राची दांडी वाकली.

"ते न्हाय भावजी, असं," म्हणून वहिनींनी चिंच दगडावर आडवी धरली, हातोडीचा एक हलका ठोका, बोटानं एक हिसका, आणि चिंचोका बाहेर. चकचकीत, तपकिरी, नुकताच पॉलिश केल्यासारखा. गर एका परातीत, चिंचोका दुसऱ्या घमेल्यात, शिरा तिसरीकडं. गराला मीठ लावून गोळे होणार, शिरा चुलीत जाणार. "आणि चिंचोके?" मी विचारलं.

वहिनींनी पुढची चिंच दगडावर धरली. शिवलिंगनं माझ्याकडे पाहून भुवई उडवली. पुढचं त्यानं मला ओट्यावर, भाकरी आणि शेंगाच्या चटणीबरोबर सांगितलं.

ही चिंच वहिनींच्या माहेरची होती. माहेर येरमाळ्याला. तिथं वहिनींचे वडील, अप्पा, शेतातल्या खोपीत एकटे राहतात. मुलगा नाही, बायको गेली, लेक ही एकच. दर वर्षी आपल्या झाडाची चिंच ते लेकीकडे पोचती करतात, सगळी. स्वतःला मूठभरही ठेवत नाहीत. पण लेकीकडचं काही घेत नाहीत.

"काही म्हणजे?"

"काय बी. जुनी रीत हाय, लेकीच्या घरचं खाऊ न्हाय. आता कोण पाळतंय? आमचे अप्पा पाळत्यात. खंडोबाला येतेत, तर भाकरी फडक्यात बांधून आणतेत आन् देवळाच्या पायरीवर खातेत. मग घरी येऊन बसतेत. पाणी पितेत, चहा न्हाय."

"चहा का नाही?"

"दूध आमच्या म्हशीचं असतंय न्हवं."

बापलेकीचं भांडण घोंगड्यावरून होतं. अप्पांचं जुनं घोंगडं उंदरांनी खाल्लं, तेव्हापासून ते पोत्यावर झोपतात. खोपी माळावर, पहाटेचं गार वारं, आणि त्यांचा खोकला दिवाळीपासून जात नव्हता. वहिनींनी नवं घोंगडं नेलं, ते त्यांनी परत केलं. पुढल्या खेपेला वहिनी ते खोपीत ठेवून गुपचूप निघून आल्या, तर चौथ्या दिवशी ते एसटीच्या ड्रायव्हरबरोबर परत अणदूरला. वर निरोप, "लेकीचं विसरलेलं हाय."

आणि म्हणून चिंचोके. घोंगडं विणायच्या आधी लोकरीच्या धाग्यांना खळ लावावी लागते, म्हणजे धागे ताठ होतात आणि तुटत नाहीत. ही खळ चिंचोक्याची. अणदूरचे बिरूतात्या धनगर अजून हातमागावर घोंगडी विणतात, आणि पूर्वी इकडे चाल होती की धनगराला चिंचोके घालायचे आणि बदल्यात त्याच्याकडून घोंगडं न्यायचं. वहिनींनी ठरवलं होतं, अप्पांच्याच झाडाचे चिंचोके तात्यांना घालायचे आणि घोंगडं आणायचं. मग ते लेकीच्या घरचं कसलं? अप्पांच्या झाडानं कमावलेलं. लोकरीचं वहिनींनी तात्यांशी आधीच काहीतरी जुळवून ठेवलं होतं, पण त्याबद्दल अप्पा विचारणार नाहीत अशी त्यांना आशा होती.

"पण चिंचोके त्यांच्याच झाडाचे पायजेत," शिवलिंग म्हणाला. "तुझी वहिनी बापाफुडं खोटं बोलत न्हाय. माझ्याफुडं बोलती, तिकडं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून मीही फोडायला बसलो. जेवायला हुग्गी होती, गव्हाची गुळातली खीर, वर तुपाची धार. संध्याकाळी वहिनींनी दोन चिंचोके उभे फोडून फासे केले, एक बाजू काळी, एक पांढरी, आणि फरशीवर खडूनं पट आखून मला हरवलं. मग शिवलिंगला हरवलं. मग पुन्हा मला.

माझी मदत

सगळी चिंच फोडून झाली. चिंचोक्यांनी मोठं घमेलं भरलं. वहिनींना शेजारच्या वाडीवर बारशाला जायचं होतं. जाताना म्हणाल्या, "आलं की चिंचोके भाजायचेत. भाजल्याबिगर साल सुटत न्हाय." शिवलिंग बांधाचं काहीतरी बघायला शेतात गेला. मी एकटा घरात राहिलो, आणि माझ्यासारख्या माणसाला एकटं घरात ठेवू नये.

विचार केला, आपण फुकट हुग्गी खातोय. वहिनी बारशाहून दमून येतील. आल्यावर बघतील तर चिंचोके भाजून तयार. मागच्या अंगणात चूल होती, मोठी कढई होती. जाळ केला, घमेलं ओतलं, उलथणं फिरवायला लागलो. वास छान सुटला, भाजलेल्या दाण्यांसारखा. तेवढ्यात बायकोचा फोन.

"काय करताय?"

आता, आमच्या घरी मी काही करत असतो असं सहसा होत नाही. त्यामुळं हे सांगायची संधी मला सोडवेना. आवाज नीट येईना म्हणून मी अंगणातून पुढच्या दारी गेलो, तिथून रस्त्यावर, तिथून देवळाच्या कोपऱ्यापर्यंत. तिला घोंगड्याची सगळी हकिकत सांगितली, खळ म्हणजे काय ते सांगितलं, आणि शहरातल्या माणसांनी हाताला काम कसं लावून घ्यावं यावर थोडं बोललो. ती म्हणाली, "आणि चुलीपाशी कोण आहे?"

परत धावत आलो तेव्हा अंगणातून धूर निघत होता, आणि भिंतीपलीकडची म्हातारी ओरडून विचारत होती की काय जळालं. कढईत चिंचोके फुटत होते. वरचे काळे, खालचे त्याहून काळे. मी पाणी ओतलं. ते करायला नको होतं, हे नंतर कळलं; थोडे वाचले असते तेही त्या काळ्या पाण्यात गेले.

वहिनी आल्या तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो, तोंडावर काजळी, मांडीवर कढई. त्यांनी एक चिंचोका उचलला, दाताखाली फोडला. आतून कोळसा. दुसरा फोडला. मग पायरीवर बसल्या आणि पदरानं हात पुसत राहिल्या, हात कोरडे होते तरी.

"भावजी, जेवला का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

शिवलिंग कढई घेऊन बिरूतात्यांकडे गेला, मी मागून. तात्या माळावर खुंट्या रोवून काळ्या-पांढऱ्या लोकरीचे धागे ताणत होते, घराएवढी लांब पट्टी. त्यांनी कढईत बोट घातलं, वर धरून बघितलं आणि त्याच बोटानं आपल्या मिशीला पीळ दिला.

"ह्याची खळ न्हाय व्हायची. काजळ व्हईल. बारसं कुठं हाय, तिकडं द्या."

रात्री जेवताना शिवलिंग म्हणाला, "बाजारातले चिंचोके आणू. मी सांगतो अप्पाला, तुमचेच हायत म्हणून."

"तुमाला अप्पा वळखून हायत," वहिनी म्हणाल्या. "आन् म्या सांगणार न्हाय. पुढल्या वर्षी बघू चिंच आल्यावर."

पुढल्या वर्षी. माळावरच्या खोपीत अजून एक हिवाळा पोत्यावर. त्यांनी ते वाक्य भाकरी वाढता वाढता म्हटलं.

नळदुर्ग

सकाळी उठून नळदुर्गची गाडी धरली, या वेळी जागा राहून. चिंचोके तरी आणून द्यायचे, ताणा लावून बसलेल्या तात्यांचं काम अडू नये. पुढचं वहिनी आणि खंडोबा बघतील.

ठकठक ऐकू येणारी ती गल्ली सापडली. अंगणात पुढं बसलेल्या बाईचं नाव शमीमबी, साठीच्या आसपास, पानानं लाल झालेले ओठ. मी म्हटलं, चिंचोके विकत हवेत.

"न्हाय मिळायचे," हातोडी न थांबवता त्या म्हणाल्या. "आमचे सगळे एकाला कबूल केलेत. त्याची गाडी येती."

"थोडेच हवेत. डबाभर."

"डबाभर बी कबूल केलेत भाई."

मी तिथंच उभा राहिलो. मला उभं राहता येतं, ते कचेरीत शिकलोय. शेवटी त्यांनी विचारलं, कशाला पाहिजेत. मी कढईपासून सुरुवात केली. शमीमबींच्या शेजारी त्यांची जाऊ बसली होती. कढईत पाणी ओतलं या जागी ती हातोडी ठेवून हसायला लागली. शमीमबी हसल्या नाहीत. म्हाताऱ्याच्या खोकल्याचं ऐकून त्यांनी पान थुंकलं आणि एक पाट माझ्याकडे सरकवला.

"चिंच व्यापाऱ्याची. चिंचोका ज्यानं फोडला त्याचा, हा आमचा कायदा. बसा. जितके फोडाल तितके तुमचे, आमचं काय न्हाय त्यात."

मी बसलो. त्यांनी हातोडी दिली आणि दगड दिला. एक चिंच मी फोडली, दुसरी फोडली, तिसऱ्या वेळेला अंगठा फोडला. शमीमबींच्या जावेनं हळद आणून लावली आणि म्हणाली, "कचेरीत काय काम करत होता?"

"सह्या."

"दिसतंय."

दुपारी जरा पाय मोकळे करायला किल्ल्यात जाऊन आलो. पावसाळ्यात इथं बंधाऱ्यावरून दोन धबधबे उड्या मारतात आणि त्यांच्या पोटात महाल आहे, असं सगळे सांगतात. फाल्गुनात बोरी नदी पायाशी वाटीभर पाणी घेऊन बसली होती. महालाच्या थंड दगडाला पाठ लावून मी शमीमबींनी दिलेला धपाटा आणि दही खाल्लं. पुरातत्त्वाबद्दल काही लिहिण्याइतकं मी पाहिलं नाही. अंगठा ठणकत होता.

संध्याकाळपर्यंत माझा डबा अर्धा झाला. त्यांची एकेकीची पोती झाली होती. दुसऱ्या दिवशीही गेलो. त्या दिवशी कुणी मला शिकवलं नाही आणि कुणी हसलंही नाही, म्हणजे माझी प्रगती झाली असावी, किंवा सवय. बोटं चिंचेनं आधी चिकट, मग काळपट, मग पाण्यानं न निघणारी तपकिरी झाली. डबा भरल्यावर शमीमबींनी झाकण लावून दिलं आणि म्हणाल्या, "भाजायला दुसऱ्या कुणाला द्या."

खळ

दिलाच. वहिनी भाजायला बसल्या आणि मला सांगितलं, "भावजी, तुमी तिकडं ओट्यावर." भाजलेले चिंचोके कुटून सालं पाखडली, आतला पांढरा दाणा रातभर भिजवला, सकाळी पाट्यावर वाटला आणि मोठ्या पातेल्यात शिजवला. पांढरट, चिकट, गरम भाताच्या पेजेसारखी खळ झाली. बिरूतात्यांनी मोठ्या कुंच्यानं ती ताणलेल्या धाग्यांवर मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, पुन्हा परत. उन्हात धागे वाळले आणि तारेसारखे वाजायला लागले. मी हात लावायला गेलो तर तात्या म्हणाले, "पाव्हणं, नजरेनं बघा."

घोंगडं विणून व्हायला त्यानंतर काही दिवस लागले. शिवलिंग रोज म्हणायचा, तुझी सुट्टी संपली असेल. निवृत्त माणसाला सुट्टी नसते, असं मी सांगायचो. खरं तर माझा पाय निघत नव्हता. घोंगडं तयार झालं, काळं, कडेला पांढरी पट्टी, तेव्हा वहिनींनी ते घडी घालून मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "घेऊन तर जाऊ. परत दिलं तर परत आणू."

येरमाळा

तुळजापूर, धाराशिव करत दुपारी येरमाळ्याला उतरलो. येडेश्वरीचं देऊळ एका अंगाला टेकडीवर राहिलं, आम्ही दुसऱ्या अंगानं शेताकडे वळलो. खोपीजवळ चिंचेचं झाड, एवढं मोठं की खोपी त्याच्या खाली विसरल्यासारखी दिसत होती. अप्पा उंच, वाळलेले, कपाळावर विभूती. आम्हाला लांबून बघूनच त्यांनी चूल पेटवली.

लेकीच्या घरचं न खाणारा माणूस लेकीला किती वाढतो, हे मी तिथं पाहिलं. तव्यावरून भाकरी थेट ताटात, ठेचा, दही, कांदा फोडलेला. वहिनी नको म्हणेपर्यंत पुढची भाकरी येत होती. मधूनच अप्पांना खोकल्याची उबळ यायची, ते तोंड वळवायचे आणि वहिनी ताटाकडे बघत राहायच्या.

जेवणं झाली. वहिनींनी पिशवीतून घोंगडं काढलं आणि बाजेवर ठेवलं.

अप्पांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बिरूचं हाय?"

"व्हय."

"खळ घरची लावली?"

"व्हय अप्पा."

"चिंचोके कुणाचे?"

शिवलिंगला अचानक रस्त्यावरचा ट्रक बघावासा वाटला. एक क्षण असा होता की कुणीही, मी सुद्धा, "तुमचेच की" म्हणालो असतो आणि सगळं निभावलं असतं. पण वहिनी मान वर करून वडिलांकडे बघत होत्या, आणि त्या "तुमचे न्हायत" म्हणणार हे माझ्या लक्षात आलं.

"माझे," मी म्हणालो.

अप्पा माझ्याकडे वळले. "तुमचे? तुमच्याकडं चिंच कुठं असती? तुमी कोकणातले."

"नळदुर्गला फोडून मिळवले. तुमचे मी जाळले."

त्यांना बहुधा नीट कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, कढई, फोन, धूर, शमीमबींचा कायदा. सांगताना हात आपोआप पुढं केले होते. अप्पांनी माझे हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, बोटं बघितली, निळं नख बघितलं. बराच वेळ बघितलं.

"म्हंजे हे घोंगडं लेकीच्या घरचं न्हाय," ते सावकाश म्हणाले.

"नाही."

"पाव्हण्याचं."

"हो."

"आन् लोकर?"

मी वहिनींकडे पाहिलं नाही. "लोकरीचं मेंढ्यांना विचारा."

"मेंढरं कुठं बोलत्यात," अप्पा म्हणाले. ते लेकीकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं, लोकरीसकट, एवढं मी शपथेवर सांगतो. एक हात बाजेवर टेकून म्हणाले, "पाव्हण्यानं आणलेलं परत करायची आमच्यात रीत न्हाय."

वहिनी उठल्या आणि खोपीत जाऊन भांडी घासायला लागल्या. ती घासलेलीच होती. आतून बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला.

ऊन उतरलं तसं माळावरून वारं सुटलं. अप्पांनी घडी मोडली, घोंगडं झटकलं, खांद्यावरून ओढून घेतलं आणि त्याचं टोक गळ्याशी धरलं. नवं घोंगडं खळीनं ताठ असतं, उभं राहिल्यासारखं बसतं. ते खोकले, मग मान हलवली.

"लई टोचतंय," म्हणाले, आणि दुसरं टोकही ओढून घेतलं.